राखून ठेवलेला शेवट

दिघोरी,
मंडईची जत्रा आटोपल्यावरचा सोमवार

प्रिय खुशबू बेटा,

फोन असताना बाबांनी पोस्टाने पाकीट काहून पाठवलं, असं तुझ्या मनात येईल. घाबरू नको, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. पण फोनवर कामाचं बोलायची सोय राहिली नाही. परवा तुझ्या आईला नुसतं म्हटलं की एक घोंगडी घ्यावी लागते, तर संध्याकाळी फोनवर घोंगड्यांच्याच जाहिराती. आता सांग, कोण ऐकून राहिलं?

माझ्या कादंबरीचं ई-पुस्तक कुठे टाकायचं यावरून उन्हाळाभर मी तुझं डोकं खाल्लं. तू सांगितलेल्या तिन्ही ठिकाणांवर माझा संशय. नागपूरचे ते गृहस्थ म्हणाले, काका, तुम्ही फक्त फाइल द्या, मी सगळीकडे टाकतो. खातं मात्र त्यांच्या नावावर! घर माझं आणि किल्ली यांच्या कमरेला? दुसरं ते मोबाइलवरचं ॲप, रोज एक प्रकरण टाका म्हणणारं. तिथे वाचक मधूनच सुचवतात, आता नायिकेचं लग्न लावा. हे वाचक आहेत की सोयरे? तिसरी ती मोठी विदेशी कंपनी. फक्त आमच्याकडेच ठेवलंत तर जास्त देऊ, म्हणे. लगेच मनात पाल चुकचुकली. एक नाटक कंपनीवाला असाच गोड बोलायचा, गोमाजीभाऊ, यंदा दुसऱ्या कोणाला नाटक देऊ नका, आणि मग हंगामभर तालमीचं नाव नाही. पण तिथे खातं आपल्याच नावावर राहतं, ती अट नाकारता येते आणि पुस्तक हवं तेव्हा बदलता येतं, असं तू म्हणालीस. त्या शेवटच्या गोष्टीसाठी मी हो म्हटलं.

का, ते ऐक. तुझ्या जन्माआधी एका वर्षी माझं नाटक आपल्या मंडईच्या आधीच शेजारच्या गावात दुसऱ्या नावाने होऊन गेलं. नायिकेच्या रडण्यासकट सगळं माझं! वासुदेवराव तेव्हा आपल्याकडे पेटी वाजवायचा. फोडलं त्यानेच, असं मी धरून चाललो. तेव्हापासून शेवटचा प्रवेश मी कोणाच्या हाती दिला नाही. तालीम त्या प्रवेशाशिवाय चालायची. नटांना तो मंडईच्या सकाळी मिळायचा, घरच्यांना थेट मंडपात दिसायचा. तू लहानपणी रडून गोंधळ घालायचीस, तरी मी ताकास तूर लागू दिली नाही.

आता पुस्तकाचं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव जातं, दोघी बहिणींना वेगवेगळ्या पुनर्वसनात घरं मिळतात, जाताना भांडण होऊन बोलणं तुटतं, आणि म्हातारपणी त्यांतली गंगू बहिणीच्या बंद दाराशी येऊन उभी राहते. तिथपर्यंत वाचून तू फोन केलास, बाबा, शेवट मोकळा सोडलात, काय धाडस! तुमच्या पुण्यात असं चालत असेल. मी पावसापाण्याचा विषय काढला. बेटा, मी काही मोकळं सोडलं नव्हतं. शेवटचं प्रकरण तुला पाठवलंच नव्हतं, तू चढवलंस ते त्याच्याशिवायच. म्हटलं, चोरेल तो अर्धंच चोरेल, मंडईच्या सकाळी आपण पुरं करू.

पण मंडईच्या आधीच पुस्तकाखाली पाचांतला एक तारा येऊन पडला. एकच. सोबत लिहिलेलं, दार उघडलं का नाही? लेखकानं फसवलं. नाव नुसतं धानवाली. त्यानंतर पुस्तकाकडे कोणी फिरकेना. इतकी वर्षं मनात वागवलेलं पुस्तक डोळ्यांदेखत मरतं की काय, असं झालं मला. मंडई आली आणि गेली, शेवट टाकायला हात उठला नाही. हे काम वासुदेवरावचं, असं ठरवून बाजाराच्या दिवशी त्याच्या घरी जाऊन बसलो. चहा घेतला, बोलता बोलता त्याचा फोन मागितला. बटणांचा निघाला, तोही बंद पडलेला. तो बिचारा विचारत राहिला, गोमाजी, तब्येत बरी आहे ना तुझी?

घरी आलो तर तुझी आई ओसरीत चष्मा लावून, तू दिलेल्या फोनवर बोट फिरवत बसलेली. मला पाहताच फोन पदराखाली. खोटं कशाला बोलू, मी तिच्यावरही संशय घेतला. आणि पहिल्यांदाच माझा संशय खरा निघाला. धानवाली तीच! वर माझ्यावरच उखडली. म्हणाली, जिंदगीभर तुमचे पडदे शिवले, तरी मले शेवट चार गावच्या लोकायसंगच दिसे. चोर परका, हे समजलं. मी बी परकी होय का?

मी शेवटचं प्रकरण काढलं. म्हटलं, बस, आत्ताच वाचून दाखवतो. तर नको म्हणाली. चंद्रभागाने बी सुनेच्या फोनात पुस्तक घेतलं हाये, दोघी एकाच दिवशी वाचू. तुझ्या चंद्रभागा मावशीचं नाव तिच्या तोंडून मी किती वर्षांनी ऐकलं! त्यांचं माहेरचं गाव बुडालं तेव्हा तुटलेलं बोलणं या पुस्तकावरून सुरू झालं बेटा. दोघींना ठाऊक आहे, गंगू कोण ते. वाचून झाल्यावर ठरवणार आहेत, कोणी कोणाकडे जायचं.

शेवटचं प्रकरण याच पाकिटात आहे. मंडपाबाहेर शेवट पहिल्यांदाच कोणाच्या हाती देतो आहे. मिळताच चढव, आणि ज्यांनी आधी घेतलं त्यांच्याही फोनात ते येईल असं बघ. तुझी आई रोज सकाळी फोन उघडून शेवट आला का ते पाहते. शेवटच्या पानावर खाडाखोड दिसेल, तिथे नीट वाच. आधी मी ते दार बंदच ठेवलं होतं. काल पाकीट चिकटवायच्या आधी उघडलं.

तुझाच, अजून थोडा संशयी,
बाबा