नारळ आणि पाणी

मुकुंदवाडी, संभाजीनगर
रविवार, दुपार

प्रिय सुयश,

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या दोन खोल्यांच्या घरात फोनवरचं सगळं सईला ऐकू जातं, आणि ती आता दिवसभर घरीच असते. हे तुला ठाऊक नाही. शेंद्र्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये चढताना ती पायरीवरच कोसळली. सोबतच्या मुलींनी धरलं म्हणून डोकं फुटलं नाही. साहेबांनी सांगितलं, तब्येत सुधारल्याशिवाय येऊ नको. तुझा फोन आला की ती समोर येऊन उभी राहते, आणि मी तुला म्हणते, बरं चाललंय. बरं चाललेलं नाही. आत्ता तिचा डोळा लागलाय. मी दारात बसून लिहिते आहे.

तू दिवाळीला पाहिलंस तेव्हा ती बारीक झाली होती, आणि तू म्हणालास, "वा, फिट झालीस." आता पाहिलंस तर म्हणणार नाहीस. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकतं. विंचरताना कंगव्यात केस येतात, ते ती माझ्या नजरेआड गुंडाळून टाकते. एवढ्या उन्हाळ्यात, पत्रा तापलेला असताना, ती अंगावर चादर घेऊन बसते. डॉक्टर मॅडमनी छातीचा कागद, ईसीजी का काय तो, काढला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हृदयाचे ठोके फार हळू पडताहेत, ही पोरगी अशीच राहिली तर हिला भरती करावं लागेल, आणि तेव्हा कदाचित उशीर झालेला असेल. हे मी तुला फोनवर कसं सांगणार होते?

सुरुवात तुला माहीत आहे. तुझे पप्पा गेल्यावर तिनं साखर सोडली. आपल्याला बरंच वाटलं. मग मैदा, मग तेल. मग दूध, कारण म्हशींना इंजेक्शनं देतात. मग बाजारची ज्वारी, कारण तिला पावडर लावलेली असते. मग भाजी. या दुष्काळात शहराभोवतीचे मळे नाल्याच्या पाण्यावर चालतात, हे तिनं मला मोबाईलवर दाखवलं. सुयश, तिच्याशी भांडता येत नाही ते याच्यामुळं. ती खोटं बोलत नाही. नाला मीही रोज बघते. जिथं आपण आलो तेव्हा ज्वारी उभी होती तिथं आता काचेची दुकानं आणि बारा-बारा मजले आहेत, आणि त्या सगळ्यांचं पाणी त्याच नाल्यात जातं. नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी दहा दिवसांनी. मधल्या दिवसांत टँकर. टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे टँकरवाल्यालासुद्धा विचारायची सोय नाही. ती म्हणते ते प्रत्येक वाक्य खरं असतं, आणि सगळी वाक्यं मिळून माझी लेक संपत चालली आहे.

शेवटी तिला चालतील अशा गोष्टींत उकडलेलं रताळं, केळं, मूठभर भात आणि नारळाचं दूध एवढंच उरलं. नारळाचं दूध मोबाईलवरच्या कुठल्याशा बाईनं सांगितलेलं. अंगाला लागेल असं तेवढंच एक ती घ्यायला तयार होती, म्हणून मी ते धरून ठेवलं. तू पुण्याहून पार्सल पाठवलंस, आठवतं? पाच डबे. त्यातला एकही तिनं उघडला नाही. प्रत्येकावर ग्वार गम लिहिलं होतं. मी म्हटलं, अगं, म्हणजे आपली गवारच असेल की, शेंगा खात आलो आपण. ती म्हणाली, "आई, शेंग वेगळी आणि गम वेगळा." डबे अजून फळीवर तसेच आहेत.

घरी करून पाहिलं नसेल असं वाटतं का तुला? शहागंजातून ओला नारळ आणला, खवला, मिक्सरमधून काढला, पातळ फडक्यातून पिळला. दूध असं सुरेख निघालं की मलाच प्यावंसं वाटलं. वाटी तिच्यासमोर ठेवली. तिनं विचारलं, पाणी कुठलं? मी म्हटलं, तुझ्या फिल्टरचं. तिनं विचारलं, आणि मिक्सरचं भांडं कुठल्या पाण्यानं धुतलंस? टँकरच्याच पाण्यानं धुतलं होतं, दुसरं कुठलं असणार. तिनं वाटी हळूच माझ्याकडे सरकवली. रागानं नाही हं. मला वाईट वाटू नये अशा बेतानं सरकवली. तिनं वाटी आपटली असती तर बरं झालं असतं.

मग मी डबे शोधायला लागले. ज्यात नारळ आणि पाणी, याशिवाय काही नाही, असा डबा. माझी शाळा चौथीची. इंग्रजी अक्षरं मी तुझ्या पहिलीच्या पुस्तकातून शिकले, तू झोपल्यावर. त्या अक्षरांचा उपयोग असा होईल असं वाटलं नव्हतं. गुलमंडीपासून कॅनॉटपर्यंत, प्रत्येक दुकानात डबा उलटा करायचा, चष्मा वर करायचा आणि मुंगीएवढी अक्षरं वाचायची. स्टॅबिलायझर. इमल्सिफायर. पुढे आकडे. ठेवून द्यायचा. एका मोठ्या दुकानातला पोरगा माझ्या मागं मागं फिरत होता, बाई काही उचलते की काय म्हणून. मी त्याला म्हटलं, बाळा, एवढी चोरी करायला मला लई वाचावं लागतंय. तो लाजला आणि टॉर्च लावून उभा राहिला. शहागंजातला सुकामेव्याचा म्हातारा तर कपाळावर हात मारून हसत म्हणाला, "अम्मा, झाड का नारियल छोड के डब्बे का कायकू ढूंढ रए?" मी म्हटलं, चाचा, पोरगी मानत नाही. तो हसायचा थांबला. म्हणाला, "बच्ची मानती नै तो फिर डब्बाच ढूंढो." आणि त्यानंच कॅनॉटच्या बद्रीनाथ शेटचा पत्ता दिला.

बद्रीनाथच्या दुकानात परदेशी सामान असतं. त्याच्याकडे तसला एकच डबा होता. नारळ, पाणी, बस. तो छातीशी धरून मी रिक्षानं आले. घरी आल्यावर सई अंघोळीला गेली होती, तेवढ्यात मी डबा फोडला आणि, दूधच ते, आपण दुधाचं करतो तसं गॅसवर ठेवून चांगली उकळी आणली. वर पांढरे गोळे आणि खाली पाणी! मला वाटलं, नासलं. एवढ्या उन्हातून आणलेलं, नासणारच. सईला काही होऊ नये म्हणून सगळं मोरीत ओतून टाकलं आणि डबा घेऊन तशीच बद्रीनाथकडे भांडायला गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, चांगला माल होता तो. आत काही मिसळलेलं नाही म्हणूनच ते फुटून पाणी वेगळं होतं. ते गम कशासाठी घालतात मग? आणि असं खळखळा उकळतं का कोणी? म्हशीचं आहे का ते?" दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मीही हसले असते. पण त्या दिवशी सईनं रताळ्याच्या दोन फोडींवर दिवस काढला, कारण तिच्या खाण्यातलं एकच पोसणारं अन्न मी माझ्या हातानं मोरीत ओतलं होतं. तुझे पप्पा असते तर वर्षभर त्यांनी मला यावरून चिडवलं असतं. मी त्यांच्या फोटोकडे बघून म्हटलंसुद्धा, हसा. ते जाऊन दीड वर्ष झालं. मी रडत नाही आता. पण काही गमतीचं झालं की ते सांगायला तोंड उघडतं, आणि समोर कोणी नसतं.

बद्रीनाथनं मुंबईहून खोकंभर मागवून दिलं. मागच्या सोमवारी मी ते आणलं. सईनं डबा हातात घेतला, फिरवला, वाचला, पुन्हा वाचला. आणि म्हणाली, "आई, सापडलं की गं तुला." सुयश, किती दिवसांनी तिनं माझ्याकडे बघून असं काही म्हटलं! त्या दुपारी तिनं भातावर ते दूध घेऊन खाल्लं. मी स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहिले, कारण बघितलं तर ती थांबेल अशी भीती. चमचा वाटीला लागल्याचा आवाज मी ऐकत होते. मंगळवारी खाल्लं, बुधवारी खाल्लं, गुरुवारी थोडं जास्त. शुक्रवारी ती जिना उतरून खाली उन्हाच्या आधी जाऊनही आली. मला वाटलं, सुटलो. तुला कळवायचं ठरवलं होतं, की आता काळजी नाही.

काल सकाळी मी मोरीत भांडी घासत होते. ती रिकामा डबा घेऊन दारात उजेडाला उभी राहिली आणि आतून बोट फिरवायला लागली. किती वेळ फिरवत होती कोण जाणे. मग म्हणाली, "आई, आतून हे पांढरं काय लावलंय?"

मी म्हटलं, रंग असेल, गंजू नये म्हणून. ती म्हणाली, "म्हणजे ते दुधात उतरत असेल." आणि डबा तिनं खाली ठेवला. त्या ठेवण्याच्या आवाजावरून मला कळलं की ती आता ते दूध खाणार नाही. आणि त्याच क्षणी हेही कळलं की मी काय करत होते. मी डबा शोधत नव्हते. तिच्या भीतीला दर वेळी, हो बाई, तू म्हणतेस ते बरोबर, असंच म्हणत होते. मी आणखी चांगला डबा आणला असता, काचेच्या बाटलीतलं आणलं असतं, तर तिनं झाकणाचं विचारलं असतं. या शोधाला शेवट नाही.

मला राग आला. इतका राग मला तुमच्यावर कधी आला नव्हता. हातातली राख तशीच ठेवून मी उठले आणि म्हटलं, सई, डब्याच्या आत काय लावलंय ते मला माहीत नाही. तुझ्या आत काय आहे ते सांग. कशासाठी शुद्ध करतेस स्वतःला? कोणाला काय केलंस तू? मी नुसतं रागानं बोलले होते. पण तिचा चेहरा असा झाला की मी तिथंच थांबले. ती खाली बसली, आणि मग बोलली. दीड वर्षात पहिल्यांदा.

तुला आठवत असेल, पगार सुरू झाल्यापासून ती दर शनिवारी पप्पांसाठी काहीतरी आणायची. गुलमंडीची इमरती, कधी मिरचीची भजी. ते आधी नको म्हणायचे आणि मग कागदाला लागलेला पाकसुद्धा बोटानं पुसून खायचे. आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये घरचा डबा खाल्लेला माणूस. लेकीच्या पैशांची इमरती खाताना त्यांना किती गोड लागायचं ते मी पाहिलंय. ते गेले त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात तू तिला म्हणालास, "तूच आणून आणून घातलंस ना त्यांना ते सगळं." मी तेव्हा वर त्यांच्याजवळ होते. मी ते ऐकलं नाही. तू कदाचित विसरलाही असशील. तुझा बाप गेला होता, तू कोणावर तरी ओरडणारच होतास, आणि ती समोर होती. मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. पण तिनं ते वाक्य ऐकलं, आणि त्या दिवसापासून ती ते खाते आहे, बाळा. दुसरं काही खाते की नाही हे आपण बघत बसलो.

मी तिला सांगितलं. पप्पांचे डॉक्टर म्हणाले होते, हा कॅन्सर आतल्या आत किती वर्षांपासून होता ते सांगता येत नाही, कशानं झाला तेही नाही, शनिवारच्या भज्यांनी असलं काही होत नाही. हे तुलाही माहीत आहे, तू शेजारीच उभा होतास. तिनं सगळं ऐकलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तू आई आहेस. तू असंच म्हणणार." त्यापुढं माझं काही चालत नाही. येत्या गुरुवारी डॉक्टर मॅडमनी घरातल्या सगळ्यांना बोलावलंय. त्याच्या आदल्या दिवशी तू ये. येताना डबे आणू नकोस, पावडर नको, कुठली लिंक नको. रजा मिळत नसेल तर न मिळता ये. तिच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडानं सांग की जिन्यात जे बोललास ते खरं नव्हतं. माफी माग की नको, ते तुझं तू बघ. पण ते वाक्य तू दिलंस, तूच ते परत घे. माझ्याकडून ती ते घेत नाही.

ती जागी झाली आहे. आतून विचारते आहे, काय लिहितेस? मी सांगितलं, दादाला बोलावते आहे. ती नको म्हणाली नाही.

वाट पाहणारी
तुझी आणि सईची,
आई