पंप दुरुस्ती विभागाच्या चोवीस स्लाइड

तीर्थस्वरूप दादांना सप्रेम नमस्कार,

तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही ‘बरा आहे’ एवढंच लिहिलंत. उजवा की डावा, किती वाकतो, जिना चढताना दुखतो की उतरताना, हे काहीच कळवलं नाहीत, त्यामुळे मला सल्ला देता आला नाही. इकडे आम्ही मजेत आहोत. तुमची धाकटी बहीणही मजेत आहे, जरा जास्तच मजेत आहे, आणि त्याचंच हे पत्र.

महिन्यापूर्वी आमच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात फर्मान निघालं की प्रत्येक विभागाने मालकांसमोर पंधरा मिनिटांचं प्रेझेंटेशन करायचं, आणि ज्या विभागाची गरज पटणार नाही तो बंद. आमच्या पंप दुरुस्ती विभागावर डोळा होताच, कारण पंप बिघडला की नवा घेणं स्वस्त, असं मोठ्या साहेबांनी कुठंतरी वाचलं होतं. सात फिटर आणि आठवा मी. ऑफिसने दोन दिवसांचा क्लासही ठेवला होता, पण मी गेलो नाही. मोटरची तार गुंडाळायला मी क्लासला गेलो होतो का? एक उघडली, बघितली, शिकलो. (ती पहिली मोटर पुन्हा चालली नाही, पण शिकलो.)

तर कॉम्प्युटर घरी आणला आणि डावीकडच्या पहिल्या बटणापासून उजवीकडच्या शेवटच्या बटणापर्यंत एकेक दाबत गेलो, वहीत नोंद करत. दादा, काय सांगू तुम्हाला! पान बदलताना ते कागदासारखं दुमडतं, काचेसारखं फुटतं, पडद्यासारखं सरकतं. असे सत्तेचाळीस प्रकार मी मोजले आणि सगळे वापरले, कारण पेटीतलं हत्यार न वापरता ठेवणं माझ्या स्वभावात नाही. पंपाचं चित्र काढलं. त्याचे एकतीस भाग आपापल्या दिशेने उडत येतात आणि जागेवर बसतात, बोल्ट तर फिरत फिरत बसतात, आणि घट्ट होताना ज्या बाजूला फिरायला हवेत त्याच बाजूला. (हे जमायला तीन रविवार गेले.) तुमची बहीण समोर मटार सोलत बसली होती. म्हणाली, “अहो, बोल्ट कुठल्या बाजूला फिरतोय ते कोण बघणार?” मी म्हटलं, “फिटर बघेल.” तर म्हणे, “तिथे फिटर कुठे असणारेत? मालक असणारेत!” मी दुर्लक्ष केलं.

पहिल्यांदा सगळं मिळून एक तास बावन्न मिनिटं झाली. काळजावर दगड ठेवून चोवीस स्लाइडवर आणलं. मग एक बटण सापडलं, तालमीचं. ते दाबून आपण बोलत जायचं, म्हणजे कुठल्या स्लाइडला किती सेकंद लागतात ते यंत्र लक्षात ठेवतं आणि त्या दिवशी पानं आपोआप उलटतात. हात मागे बांधून उभं राहायचं! त्या बटणाशेजारी माइकचं छोटं चित्र होतं. तेही दाबलं. आवाज पुरेसा मोठा आहे की नाही ते मोजत असेल, असा माझा अंदाज. अंदाज शास्त्रशुद्ध होता, फक्त चुकीचा होता.

सभेच्या दिवशी टेबलाच्या टोकाला सर्वांत वयस्कर मालकीणबाई, दोन्ही बाजूंना त्यांचे भाऊ, आणि कोपऱ्यात मोठे साहेब. मी हात मागे बांधले, घसा साफ केला आणि म्हणालो, “आदरणीय मालक...” तेवढ्यात छतातल्या स्पीकरमधून मीच म्हणालो, “आदरणीय मालक.” मी थांबलो. तो थांबला नाही. आवाज कमी करायला गेलो तर वाढला. आता मीच माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत उभा. एकतीस भाग उडत आले, बोल्ट बसले, आणि सातव्या स्लाइडवर, जिथे मी कार्यक्षमतेचा आलेख समजावत होतो, तिथे मटाराच्या शेंगा फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ स्पीकरमधून तुमची बहीण.

“अहो, हे डोंगर-दऱ्या राहू द्या. मागच्या वर्षी नवा पंप सहा आठवडे आलाच नव्हता, तेव्हा तुम्ही आठ जणांनी जुन्यावर कारखाना चालवलात. ते कुठंय यात?”

“ते आकड्यात बसत नाही गं.” (हा मी, स्पीकरमधला.)

“सहा आठवडे हा आकडा नाही का?”

मी वायर उपटायला वाकलो, तर मालकीणबाई म्हणाल्या, “हात लावू नका. बाईंना बोलू द्या.” बाई बोलल्या! कुठल्या हौदाचं पाणी थांबलं होतं, कुणी सलग दोन पाळ्या केल्या, मी घरी येऊन काय काय बडबडलो होतो, सगळं. शेवटी म्हणाली, “आणि तुमचे ते मोठे साहेब डोळे उघडे ठेवून झोपतात म्हणता ना, त्यांना बोल्ट दाखवून काय उपयोग?” त्यावर मोठे साहेब दचकून म्हणाले, “बरोबर आहे.” दादा, मालकीणबाई हसता हसता खुर्चीवरून घसरायच्या बेतात होत्या.

विभाग एक वर्ष वाचला. दुसऱ्या शाखेतल्या लोकांनीही हात वर करून आपले पंप आमच्याकडे पाठवायचं मान्य केलं तर कायमचा वाचेल. म्हणून हेच प्रेझेंटेशन, एक अक्षर न बदलता, तिथे दाखवायचं ठरलं आहे. सात फिटरांनी मला हार घालायचं ठरवलं होतं, पण चौकशी करून तो तुमच्या बहिणीला पाठवला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
तुमचा मेव्हणा

ता. क. : ती दुसरी शाखा म्हणजे तुमचीच. येत्या गुरुवारी, अकरा वाजता. एकोणिसाव्या स्लाइडवर तुमची बहीण ‘हे आधी दादाला दाखवा’ म्हणाली, त्यावर माझ्या तोंडून एक वाक्य गेलं आहे : “तुझ्या दादाला काय दाखवायचं? त्यांना हेडक्लार्क केलं ते फाइलवर वजन ठेवायला कुणीतरी हवं होतं म्हणून.” मी हे प्रेमाने बोललो होतो. एका स्लाइडचा आवाज कसा काढायचा ते बटण मला अजून सापडलेलं नाही. आठ घरांचा प्रश्न आहे, तेव्हा गुरुवारी रजा घ्यावी ही कळकळीची विनंती. अर्ज लिहून सोबत जोडला आहे, फक्त सही करा. रजेचं कारण ‘गुडघा’ असं लिहिलं आहे. कुठला ते तुम्ही भरा.

ता. क. २ : तुमच्या बहिणीने पत्र वाचलं. ते बटण तिला माहीत आहे म्हणे, पण दाबणार नाही, कारण त्या वाक्यानंतर ती अकरा सेकंद हसली आहे आणि तिला ते हसू आवडतं. तिचा निरोप असा : “दादा, रजा घेऊ नकोस. पहिल्या रांगेत बस आणि सगळ्यांत आधी हात वर कर.” (तिने सांगितलं तसं लिहिलं आहे. अर्ज तरीही जोडतो आहे.)