आबांनी निवडलेलं व्याकरण

शिरपूर,
ता. १९ जानेवारी २०२५

अहो,

नमस्कार. शाळेत पत्र लिहायला शिकवलं ते वडिलांना आणि मुख्याध्यापकांना. नवऱ्याला काय लिहायचं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून सरळ सुरू करते. इकडे मी आणि आबा दोघं मजेत आहोत. थंडी जोरात आहे, तुमच्या श्टुटगार्टइतकी नसेल, पण आमच्याकडे थंडीत भरीत असतं. तुमच्याकडे काय असतं?

तिकडे शिकायला येणाऱ्या मननबरोबर ज्वारीच्या बिबड्या आणि काळा मसाला पाठवला आहे. बिबड्या मोडलेल्या निघाल्या तर मननला बोलायचं, मला नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर आबा शेजारी बसलेले असतात आणि स्पीकर बंद करू देत नाहीत. सासऱ्यांबद्दल सासऱ्यांसमोर काय सांगणार? तुम्ही मेसेजमध्ये रोज एकच विचारता, ‘इकडे येण्याचं आबांना विचारलंस का?’ सांगते. पण आधी पुस्तकाचं सांगू द्या.

दिवाळीनंतर क्लासच्या मॅडम म्हणाल्या, नुसत्या ऑनलाइन धड्यांवर व्हिसासाठीची जर्मनची परीक्षा निघणार नाही, व्याकरणाचं एखादं चांगलं पुस्तक घ्या. मी धुळ्याला निघाले, तर आबा टोपी घालून दारात उभे. “मी बी येस.” आजवर त्यांनी माझ्या जर्मनबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मी पाठ करायला लागले की उठून बैलांकडे जायचे. बसमध्ये पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

पुस्तकवाल्या नेमीचंदभाऊंनी सकाळचं दुकान नुकतंच उघडलं होतं. त्यांनी तीन पुस्तकं समोर ठेवली. मी पहिल्या पानापासून बघू लागले, तर आबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. तुम्हाला माहीतच आहे, जिनिंगमध्ये इतकी वर्षं कापूस पारखलेला माणूस. गाडी आली की वरचा कापूस बघायचाच नाही, कोपरापर्यंत हात घालून पोटातला काढायचा. पुस्तकांचंही त्यांनी तसंच केलं. प्रत्येक पुस्तक बरोबर मधोमध उघडलं.

“वरला माल बठ्ठाज चांगला लावतस,” मला म्हणाले. “मझार देखनं पडस.”

पातळ पुस्तकात मधल्या पानावर एक चित्र आणि खाली रिकाम्या जागा भरा. आबांनी ते बाजूला सारलं. “अर्धं पान कोरं. पोचट शे.” दुसरं त्यांना रंगीत असल्यामुळे आवडलं नाही. तिसरं उघडलं, ते वरपासून खालपर्यंत गच्च भरलेलं, उशाला घेता येईल एवढं जाड. “हाई ली ले.”

मी पान उलटून बघितलं. सगळं जर्मनमधून! जर्मन शिकायला आधी जर्मन यायला हवं, असलं पुस्तक. पण आबांनी पैसे देऊन टाकले होते. मी नेमीचंदभाऊंकडे बघितलं, त्यांनी हळूच मान हलवली. “ताई, बोहनीचा माल आहे. परत घेत नाही.”

तर तेव्हापासून माझं डोकं फिरलं होतं. हे पुस्तक म्हणजे आबांचा होकार की नकार? स्वतः येऊन घेऊन दिलं, म्हणजे जा म्हणाले. असलं पुस्तक घेऊन दिलं, म्हणजे कशी जातेस ते बघतोच, म्हणाले. विचारायचा धीर होईना. आई गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच आहोत. कमलआत्या शेजारी आहेत, जेवणाखाणाचं बघतील, ते सगळं खरं. पण आबांच्या तोंडून ‘जा’ ऐकल्याशिवाय माझा पाय उंबऱ्याबाहेर पडणार नव्हता. तुम्हाला हे आधी लिहिलं नाही, कारण तुम्ही लगेच त्यांना फोन केला असता आणि दोघांनी मिळून हवापाण्यावर बोलून ठेवून दिला असता. मला माहीत आहे ना तुमचं घराणं.

बरं, रोज संध्याकाळी चौकशी. “आज कितलं व्हयनं?” मी म्हणायची, दोन पानं. आबा खूश! एकदा मुद्दाम फुशारकी मारली, आज दहा झाली, तर भाकरी अर्धी टाकून उठले. मला असा राग आला! सून मागे राहिली की यांना आनंद.

एक मात्र झालं, ते आता उठून जात नाहीत. जर्मनमध्ये चमचा ‘तो’, काटा ‘ती’, सुरी ‘ते’, असं मी पाठ करत होते, तर आबा विचारतात, “मंग भाकर?” म्हटलं, ‘ते’. “भाकर ते? काय येडा लोक शेतस!”

पुढे मनननेच वाचवलं. नेमीचंदभाऊंचा हा पुतण्या तिकडे शिकायला निघालेला, त्याच्याजवळ ते पातळ पुस्तक होतं. माझा चेहरा भाऊंच्या लक्षात राहिला असणार. त्यांनी ते माझ्याकडे पाठवलं, वर निरोप, ‘परत घ्यायला बोहनी आड येते, द्यायला येत नाही.’ मी ते जाड पुस्तकाच्या पोटात ठेवून वाचू लागले. दोन महिन्यांत जवळजवळ संपवलं. मॅडम म्हणतात, मार्चच्या परीक्षेत तू नक्की निघशील. आबांना मात्र रोज दोनच पानं सांगायची.

काल शेतात भरीत केलं. कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून आबा वांगी भाजत होते, मी बांधावर पुस्तक घेऊन बसले होते. राख उडायला लागली म्हणून त्यांनी पुस्तक उचललं आणि पातळ पुस्तक खाली पडलं. त्यांनी ते उचललं, मधोमध उघडलं. कोऱ्या जागा सगळ्या माझ्या अक्षरांनी भरलेल्या.

“हाई सरनं?”

“चार पानं राहिलीत, आबा.”

त्यांनी पुस्तक मिटलं आणि विस्तवातली वांगी उलटवली. मग म्हणाले, “पुस्तक सरनं की तू निंघी जाशी. म्हनीसन मी जाड लिधं.”

अहो, मी रडले. आबांनी ते बघितलं न बघितलंसं केलं आणि वांगी सोलायला घेतली. बोटं भाजत होती तरी सोलत होते. सगळी सोलून झाल्यावर पातळ पुस्तक माझ्या हातात दिलं. “चार पानं आज वाची टाक. जाय तू. पोरगा एकटा शे तठे.”

आणि जाड पुस्तक धोतराला पुसून स्वतःच्या पिशवीत घातलं. “हाई घर राही. दर सालले ये, दोन-दोन पानं वाची जाय.”

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की मी विचारलंच नाही. आज सकाळी ती चार पानं वाचून झाली. जाड पुस्तकाची अजून सातशे उरली आहेत. तेव्हा माझं तिकीट काढाल तेव्हा परतीचंही बघून ठेवा, तुमचं-माझं दोघांचं.

तुमची,
आणि मार्चपर्यंत आबांची,
पुनम