टाकीवरचं अंथरूण

९ एप्रिल २०१६, शनिवार. उदगीर.

सकाळच्या मुखेड गाडीनं इथं उतरलो. हातात हत्यारांची पेटी, खांद्याला कपड्यांची पिशवी आणि विमा एजंटानं फुकट दिलेली ही डायरी. नवीन काम मिळालं की पहिल्या दिवसापासून लिहायचं, ही वसतिगृहातल्या मास्तरांनी लावलेली सवय. नांदेडला बसच्या बॉडीचं काम करायचो तेव्हा लिहायचो, ते काम बंद पडलं त्या दिवशीही लिहिलं होतं.

इथलं काम पंढरीनं मिळवून दिलं. नांदेडला आम्ही बारा वर्षं शेजारी शेजारी रंधा मारला. हे काम आधी त्यानंच धरलं होतं, पण त्याला साखरेचा आजार जडला, वाळून काटकी झाला, म्हणून अर्ध्यातून मला दिलं. मुखेडच्या स्टँडवर माझे दोन्ही हात धरून रडला. आजारपणात माणूस हळवा होतो.

मालक शेषेराव सर, निवृत्त गणित शिक्षक. त्यांनी सतरा वर्षं जुनी, आठ माणसं बसतील अशी दांडगी गाडी घेऊन लिंबाखाली उभी केली आहे. मोबाइलवर त्यांनी कुण्या गोऱ्या माणसाचा व्हिडिओ पाहिला. तो गाडीतच झोपतो, गाडीतच भात शिजवतो. सरांचं गणित असं, की उदगीर आज ना उद्या जिल्हा होणार, साहेबांचे दौरे वाढणार, तेव्हा अशी मुक्कामाची गाडी भाड्यानं द्यायची. बाजारात तुरी! पण माझं पोट त्या तुरीवरच आहे, म्हणून मान डोलावली.

गल्लीनं नाव विचारलं, गाव विचारलं, मग आडनाव. आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या कपाळाकडे बघायची मला जुनी खोड आहे. एकाही कपाळाला आठी पडली नाही. शेजारच्या गुरम्माबाईंनी घरच्याच ताटात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मला अण्णा म्हणतात, मी त्यांना अक्का. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

१० एप्रिल, रविवार

गाडी बघितली. पत्रा मजबूत आहे. मागची दोन्ही बाकं पंढरीनं काढून ठेवलेली, तळाला दोनशे लिटरची स्टीलची टाकी बसवलेली, नळ मागच्या दाराबाहेर काढलेला. टाकीवर मी अठरा एमएमचा प्लाय टाकून पलंग करणार. बाजूला सरकत्या खणात शेगडी, छताला थर्माकोल, पंख्याला वेगळी बॅटरी. बिजागऱ्या पितळेच्या मागवल्या.

पलंगाची लांबी विचारली तर सर म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या मापानं करा." सर माझ्यापेक्षा वीतभर बुटके. पण गिऱ्हाइकाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

१२ एप्रिल, मंगळवार

लातूरला म्हणे आज रेल्वेनं पाणी आलं. गल्लीत त्याचीच चर्चा. इथल्या नळाला किती दिवसांत पाणी नाही ते कुणालाच नीट आठवत नाही.

पलंग झाला. दुपारी गुरम्माअक्का ओरडल्या, "उन्हात कशाला ठोकून राह्यलाव, अण्णा? टाका की अंग गाडीत जरा!" टाकलं. पंखा चालू होता. दोन तास मेल्यासारखा झोपलो. उठलो तर खाली टपटप आवाज. टाकीचं झाकण काढलं, आत हातभर पाणी!

वाटलं सरांनी भरलं असेल. सर म्हणाले, आमच्याच घरात प्यायला न्हाई, तुमच्या टाकीत कुठून वतू? थंड तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं काहीतरी असेल. मी चमत्कार मानत नाही. पण पाणी प्यायलो. गार आणि गोड होतं.

१४ एप्रिल, गुरुवार

आजचा दिवस मरेपर्यंत विसरणार नाही.

सकाळी जयंतीच्या मिरवणुकीत गेलो, निळा फेटा बांधला, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. दुपारी गाडीत झोपलो. उठलो तेव्हा टाकी अर्ध्याच्या वर. पाच वाजता सगळी गल्ली घागरी, कळशा, बादल्या घेऊन मागच्या दारापाशी रांगेत उभी. सरांनी नळ माझ्याच हाती दिला.

माझ्या बापाला याच मुलखात लोक वरून ओंजळीत पाणी ओतायचे. अंगावर शिंतोडा उडेल म्हणून दोन हात लांब उभं राहून. आज मी भरून दिलेला तांब्या सरांनी तिथंच तोंडाला लावला. त्यांच्यामागून अक्कांनी, त्यांच्यामागून सगळ्यांनी. बाबासाहेबांची जयंती याहून चांगली कशी होणार? मी गाडीच्या पलीकडे जाऊन डोळे पुसून आलो.

पाणी कुठून येतं, हे आज मी कुणाला विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही.

१७ एप्रिल, रविवार

सकाळच्या बसच्या कंडक्टरला सांगून वीस लिटरचे दोन डबे घरी पाठवले. गावात अकरा दिवस टँकर नाही. लेक चांगुणा पहिल्या बाळंतपणाला आलेली, नववा सरला आहे. रात्री पंचफुलाचा फोन. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण बायकोनं माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. म्हणाली, असलं गोड पाणी आपल्या हिरीला बी कवा नव्हतं. पुढच्या खेपेला तीन डबे पाठवा.

पाठवीन की. आपलंच पाणी.

२० एप्रिल, बुधवार

कंबरपट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं. आठवड्यातलं दुसरं. ओठ फुटलेत. तांब्यामागून तांब्या पितो पण जीभ कोरडीच. लघवी दिवसातून एकदा, तीही थेंबभर. ऊन बाधलं असेल.

गल्ली जीव लावते. कुणी ताक आणतं, कुणी पायाला तेल लावून देतं. एक मात्र आहे. आज चार जणांनी विचारलं, झोप लागली का. काम कुठवर आलं हे एकानंही विचारलं नाही. शेगडीचा खण अजून बसवायचा आहे, सरांना त्याची आठवणही नाही.

२२ एप्रिल, शुक्रवार

मी मोजपट्टीचा माणूस. काल मुद्दाम झोपलो नाही. सगळी दुपार स्टँडवर बसून काढली. टाकीत पट्टी टाकली, खडखडीत. संध्याकाळी गल्लीत कुणी माझ्याशी बोललं नाही. अक्कांनी ताट ठेवलं ते आपटून.

आज झोपायच्या आधी आणि नंतर किराणा दुकानाच्या काट्यावर उभा राहिलो. झोपलो दोन तास. टाकीत दीड हात पाणी. माझं वजन सव्वा किलोनं कमी. टाकीत भरलं त्याच्या मानानं हे काहीच नाही, पण कमी झालं ते माझंच झालं.

मग तोंडात घोट घेऊन बराच वेळ धरून ठेवला. गोडाच्या मागे किंचित खारट चव आहे. डोळ्यातलं पाणी ओठांवर उतरतं तेव्हा लागते तशी.

चांगुणाला मी हे पाजलं.

२३ एप्रिल, शनिवार

पंढरीला फोन केला. आधी उचलेना. सातव्यांदा उचलला.

साखर नाही. त्याला कसलाच आजार नव्हता. टाकी त्यानंच बसवली, तिच्यावर फळी टाकून एक दुपार झोपला आणि ती भरली. कशी, ते त्यालाही ठाऊक नाही. पस्तीस दिवस झोपवला त्याला. दुसरा माणूस आणून देतो म्हटल्यावर सोडला. म्हणाला, मला लहान लेकरं हायत केरबा, तुझी लेक तरी मोठी झाली. तू बी कुणाला तरी बोलव, सुटशील.

बारा वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही. केसानं गळा कापला यानं. वर मलाच अक्कल शिकवतो.

संध्याकाळी सर पलंगाशी येऊन बसले. स्वतःच्या हातानं माझे पाय चेपले. सगळं माहीत असल्याचं त्यांनी लपवलं नाही. गल्लीत सत्तर माणसं हायत मिस्त्री, म्हणाले, आन् तुम्ही एक. मी जन्मभर गणितच शिकवलं.

मी विचारलं, मग सत्तरातलाच एकजण का झोपत नाही? पाय चेपता चेपता त्यांचे हात थांबले. आडनाव ऐकून कपाळाला आठी का पडली नाही ते तेव्हा कळलं मला. तहान लागली की भांड्याची जात कोण बघतं?

२४ एप्रिल, रविवार

पेटी तिथंच सोडली, डायरी घेतली आणि निघालो. स्टँडपर्यंत चालवेना म्हणून रिक्षा केली. रिक्षानं वळसा घेतला आणि परत लिंबाखाली आणून सोडलं. रिक्षावाला गल्लीतलाच. सगळे धावत आले. पाहुण्याला असल्या उन्हात कसं जाऊ देऊ म्हणतात. उचलून आत नेलं, हळू, डोक्याला लागू नये म्हणून अक्कांनी दाराच्या चौकटीवर हात धरला.

राग आला की माणसाला रडू येतं. मला आलं नाही. डोळ्यांत काही उरलेलं नाही.

२५ एप्रिल, सोमवार

श्रीमंतला फोन लावला. आमच्याच नांदेडच्या कारखान्यातला पोरगा, तीन महिने घरी बसून आहे. पहिल्याच घंटीला उचलला. केरबाकाका, काम हाय का, म्हणाला. आवाजात एवढा आनंद —

फोन कापला. त्याचे चार फोन येऊन गेले. नंबर काढून टाकला.

मी पंढरी नाही.

२७ एप्रिल, बुधवार

उठता येत नाही. पेन धरला की कातडी सुरकुतून तशीच राहते.

चांगुणाला मुलगा झाला. घरीच. दोघंही ठीक. मी आजोबा झालो. नातवाला अंघोळीला पाणी नव्हतं, कापडानं पुसला म्हणाली पंचफुला. डबे का थांबले म्हणून विचारत होती. मी म्हटलं, उद्या सगळं सांगतो.

२८ एप्रिल, गुरुवार

सांगितलं. सगळं. टाकी, वजन, पंढरी. ती पलीकडे रडत होती. वेड लागलं का म्हणाली नाही. विश्वास ठेवला तिनं. म्हणाली, कुठं जाऊ नका, कुणाला बोलू नका. परवा भावाची जीप घेऊन येते.

कुठं जाणार मी? पण येते म्हणाली. पंचफुला बोललेलं करते. विहिरीत उतरून गाळातून पाणी काढणारी बाई आहे, ही गल्ली काय चीज.

२९ एप्रिल

दुपारी झोपवलं. पाणी दोन घागरीसुद्धा निघालं नाही म्हणे. अक्का सरांशी भांडल्या. दुसरा बघा म्हणतात.

उद्या पंचफुला. उद्या.

३० एप्रिल

जीप आली. आवाज ओळखला. पंचफुला रागावून बोलते आहे सरांशी. बोल. आणखी बोल —

आता आवाज खाली आला. सर बोलतायत. बराच वेळ.

ती आत आली. मला बघून तोंडावर पदर धरला. हात हातात घेतला. बाळाचा फोटो दाखवला मोबाइलवर. कान माझ्यासारखे. मी म्हटलं चल. चल लवकर. तिनं मान हलवली — हो की नाही कळलं नाही.

खिडकीतून दिसतं. मेहुणा जीपवरचे डबे उतरवतोय. रिकामे. मोजले — नऊ. नऊ डबे कशाला आणले तिनं? निघतानाच — घरून निघतानाच —

ती चादर झटकते आहे. नजर देत नाही. दोन दिस, म्हणते. दोनच दिस झोपा, मग मीच नेते. चांगुणाला दूध उतरंना. लेकरू रडून निळं पडतंय. तुम्हीच सांगा मी काय करू.

मी ओरडलो. आवाज निघाला नाही. तिनं कपाळावरून हात फिरवला, लहानपणी तापात फिरवायची आई तसा. उशी ठोकून नीट केली. दार बाहेरून — पंचफुले, तू — तू तरी —

डोळे मिटायचे नाहीत. लिहीत राहायचं. लिहिलं की जाग —

पंखा. खाली टप. टप.

मागच्या दाराशी नळ सोडल्याचा आवाज. ती भावाला सांगते आहे, पहिला भरला, दुसरा ला—