साखळी खालच्या हुकाला

६ एप्रिल, सोमवार

रातभर डोळ्याला डोळा न्हाई. काल सांजच्याला ह्यांनी जत्रंच्या ट्रॅक्टर शर्यतीची ट्रायल घेतली. दगडानं भरल्याली ट्रॉली मागं साखळीनं बांधली, गेर टाकला, क्लच सोडला — आन ट्रॅक्टर जाग्यावरच उड्या मारायला लागला! मागची चाकं धाड धाड आपटाय लागली, बिथरल्या खोंडावानी. आन मडगार्डवर कोन? माझा शंभू. चार वर्साचा. एका हातानं दांडी धरल्याली, दुसऱ्या हातात बिस्कीट.

बिस्कीट पडलं म्हनून रडला. मी पळत जाऊन त्याला उतरवला.

"पडला का? न्हाई ना? मग?" हे म्हनले.

डोळं मिटलं की ती चाकंच दिसत्यात.

७ एप्रिल

हिकडं रीतच हाय — शर्यतीत मालकाचं पोरगं मडगार्डवर पायजेच. त्याबिगर शोभा न्हाई म्हनं. शोभा! उंब्रजच्या चौकात फ्लेक्स लागलाय. शंभूला गॉगल घातलाय, खाली 'छोटे मालक'. आता ह्यास्नी माघार कुटली?

सासूला, आत्यास्नी, म्हनलं, तुमी तरी सांगा तुमच्या ल्योकाला. तर म्हनत्यात, "ट्रॅक्टर काय तुझ्या म्हायेरनं आलाय व्हय?"

म्हनलं, "न्हाई. पर पोरगं माझ्या पोटातनं आलंय."

तवापास्नं भांडी आपटत्यात. आपटू द्या!

९ एप्रिल

उड्या काय थांबंनात. ह्यांनी चाकात हवा ठासली, तर आजूनच उडाय लागला. म्हनलं, आवं उलटं करा. हवा थोडी काढा, टायर भुईला बसू द्या, क्लच हळू सोडा. म्हायेरी, कुंडलला, दादाच्या रानात मी नांगरट केलीया, मला म्हाईत हाय.

"क्लच हळू सोडूस्तवर दुसरा पार पुढं जाईल!"

पर हवा काढली बरं का — मी चुलीकडं गेल्यावर. उड्या निम्म्या झाल्या. माझं नाव कुनी काढलं न्हाई.

निम्म्यावर कुटं भागतंय. मग गॅरेजवाला लालासाहेब आला, ह्यांचा दोस्त. "गड्या, साखळी खालच्या हुकाला कशाला? वर लाव, शिटामागच्या पिनीला. समदा भार मागच्या चाकावर. उडी मारायची टापच न्हाई!"

वर लावली. उड्या खरंच बंद. आन म्होरली चाकं हातभर उचालली! समदी टाळ्या वाजवत्यात. मी वरडले.

कुंडलला जोतीरामकाकांनी अशीच साखळी वर लावून झाडाचं खोड वढलं हुतं. ट्रॅक्टर मागं उताना पडला. काका खाली. मी ल्हान हुते. त्यांची एक चप्पल लांब उडून पडल्याली, ती आजून दिसती मला.

लालासाहेब हसला. "वैनी, घोडा उभा ऱ्हातोय, बघा की!"

म्हनलं, "घोडा उलाटल्यावर खाली कोन घावतंय, ते बी बघा."

१० एप्रिल

राजवर्धनदादाचा फोन आल्ता. "येऊ का? मी बोलतो दाजींसंगं." म्हनलं, नको. तू आलास की ह्यांचा हट्ट आजून चढंल. माझं मी बघते.

फोन ठिवला आन रडले.

११ एप्रिल, शनिवार

आज सरळ सांगितलं. साखळी खाली लावा, न्हाईतर पोरगं मिळायचं न्हाई.

"तुला ईचारलंय कुनी?"

"नका ईचारू. मी सांगतीया."

ह्यांनी ताट सारलं आन उठून भाईर गेले. शंभू म्हनतोय, "आई, मी गॉगल घालनार!" त्याला बी हौस! कुनाकुनाला आवरू?

मग दुपारी हे जवळ आले, हळूच म्हनले, "लोक काय म्हनतील, सोनम?" तवा कळलं. ह्यास्नी बी भ्या वाटतंय. पर फ्लेक्सवरचा मानूस भ्यालो म्हनंल का कवा! लोकास्नी काय, बघायला ईत्यात आन वडापाव खाऊन जात्यात.

१२ एप्रिल, सकाळ

आज शर्यत. समदी देवळात नारळ फोडाय गेल्यात. शंभू आत्यांसंगं हाय. ट्रॅक्टर दारात, झेंडूच्या माळा घालून उभा. चावी तशीच.

मी घेऊन चालले. कुंडलला. ट्रॅक्टरच न्हाई तर शर्यत कशाची! जत्रा सरली की आनून दीन. मला नावं ठेवतील, ठेवू द्या. शंभूची दूध-भाकरी झाकून ठिवलीया.

मोबाईल ह्या वहीवर ठिवलाय. रस्त्यात वाजाय नको, कुनी रडून बोलाय नको. दादाला आधी सांगितलं असतं तर नको म्हनला असता. म्हनून जो कुनी हे वाचंल त्यानं त्याला फोन लावा. म्हनावं, सोनम ट्रॅक्टर घेऊन निघालीया, कराडच्या पुढं येऊन थांब. रानात लय चालिवलाय मी. म्हामार्गावर कवाच न्हाई.