मूठ नसलेल्या पट्ट्या

९ सप्टेंबर, दुकान उघडण्याआधी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. बाबा रोज विचारतात, "त्याचं काही आलं का?" आणि मी उत्तर देण्याआधीच पेपर उलगडतात.

किल्ल्यांचं काम भरपूर आहे. मालक म्हणतात, "कानस लावण्याआधी तू किल्लीची परवानगी घेतोस." हे पत्रही तिसऱ्यांदा लिहितोय. आधीच्या दोन्हींत शुद्धलेखन नीट होतं, मजकूर खोटा होता.

परवा मावशीचा फोन आला. तू संगणक विकायला काढलास म्हणे. "मला साधं मोजता येत नाही, प्रोग्रॅमिंग कसलं करतोय," असं म्हणालास. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही.

आपण मिळून दिलेल्या प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेतला शेवटचा प्रश्न आठव. पट्टीवर इतक्या खाचा, खाचांची खोली इतक्या प्रकारची, तर वेगवेगळ्या पट्ट्या किती? टोकं अदलाबदल करून पालथी घातल्यावर दुसरीसारखी होणारी पट्टी वेगळी धरायची नाही, म्हणून तू प्रोग्रॅमच्या शेवटी एक ओळ घातलीस. मी म्हटलं, "किल्ली उलटी घातली तर कुलूप उघडत नाही." तू म्हणालास, "शहाण्या, हिला मूठ कुठे आहे? दोन्ही टोकं सारखीच." आणि पाणी प्यायला गेलास.

तू येईपर्यंत मी ती ओळ काढली आणि उत्तर पाठवून दिलं.

चित्रात मूठ नव्हती, मला मात्र दिसत होती. नववीत शाळा सोडली असली तरी किल्ल्यांतलं मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, असं वाटलं. उत्तर पाठवायची एकच संधी उरली होती. पडद्यावर 'चूक' आलं, तू म्हणालास, "माझंच सूत्र फसलं," आणि मी हो म्हणून मान हलवली. ती मान हलवणंच आधीच्या पत्रांत लिहिलं नव्हतं.

रविवारी भंगारातल्या पितळेच्या पट्ट्या कापल्या. दोन खाचा, तीन प्रकारची खोली. नऊ झाल्या. टेबलावर पालथ्या घालून पाहिल्या. तीन जशाच्या तशा राहिल्या, बाकीच्या सहांच्या तीन जोड्या जुळल्या. म्हणजे वेगळ्या सहाच. तुझी ओळही तेच सांगते: नऊ अधिक तीन, भागिले दोन.

सहा पट्ट्या पाकिटात घातल्यात. जास्तीच्या तीन माझ्या खिशात आहेत, चालताना टोचतात. आज बाबांनाही सांगणार आहे. तू बोलू नकोस माझ्याशी हवं तर, पण संगणक विकू नकोस.

मालक आले. शटर उचलायचं आहे.

तुझी बरोबर ओळ पुसणारा,
धाकटा