आलेखातली बाई

३ मार्च
आले एकदाची! खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून प्रयोगशाळेची गच्ची दिसते. घरमालकीण माझी एकच बॅग बघून म्हणाली की बाकीचं सामान मागून येतंय का. म्हटलं, हेच सामान. आत्याला फोन केला. मोठी होईपर्यंत मी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. बाबांनी घरीच वाचायला शिकवलं आणि आत्याने गणित. आजही तिचं तेच: उत्तर आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस गं, आधी ताळा कर.

५ मार्च
काम समजलं. महागड्या गोळीसारखीच स्वस्त जेनेरिक गोळी बनवतात, आणि ती शरीरात तशीच वागते का ते आम्ही तपासतो. रक्तात औषध किती चढलं, कसं उतरलं याचा आलेख काढायचा. दोन्ही गोळ्यांचे आलेख जुळले की गोळी पास. निम्म्याहून जास्त काम संगणकात होतं. तिथे आकड्यांची माणसं असतात, त्यांना आकड्यांचीच पोटं आणि यकृतं. कामाचा पहिला नियम असा की मॉडेल, म्हणजे हा आकड्यांचा माणूस, खऱ्या माणसाशी जुळवून घ्यायचं. सध्या झोपेची गोळी चालू आहे. आत्या महागडी घेते, तिच्यासाठी बरंच होईल.

शेजारच्या टेबलावरच्याला सगळे काका म्हणतात. वय तिशीच, पण टक्कल पडलंय. रक्त देणारे सगळे तरुण पुरुषच दिसले, म्हणून बायकांचं काय करता असं त्याला विचारलं. म्हणाला, आहेत की संगणकात! पुरुष गरम पाण्यात धुतला, आटला, झाली बाई.

हसले. मग जेवण गेलं नाही.

९ मार्च
धीर करून आमच्या प्रमुख मॅडमना सांगितलं की बाईचं शरीर म्हणजे लहान मापाचा पुरुष नव्हे, औषध निराळं उतरू शकतं. सांगताना तीनदा माफी मागितली. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे तुझं, मग तूच दे रक्त. दिलं. वजन, उंची, पाळीच्या तारखा, सगळं दिलं. काकाने एकेक आकडा भरला आणि म्हणाला, ही घे तुझी जुळी बहीण, भांडू नका.

१४ मार्च
दोन्ही गोळ्या आळीपाळीने घेतल्या. माझे आणि संगणकातल्या जुळीचे आलेख एकावर एक बसले. इतकं नेमकं की काकाने शीळ घातली.

पण स्वस्त गोळीचं औषध तिच्या रक्तातून उतरतच नाही. मलाही दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत गुंगी होती, जिन्यात तोल गेला. हे लिहून दिलं. मॅडम म्हणाल्या, एका बाईपायी गोळी अडवायची का? काकाला म्हणाल्या, तिचे आकडे जरा जुळवून घे.

१८ मार्च
काकाने तिचं पोट रिकामं होण्याचा वेग कमी केला. तेव्हापासून माझं जेवण पोटात दगडासारखं बसून आहे. योगायोग असेल. ताळा म्हणून पुन्हा गोळी घेऊन रक्त दिलं. माझा आलेख बदललाय. तिच्या नव्या आलेखावर बरोबर बसतो.

माणूस मॉडेलशी जुळला. उलटं झालं.

२१ मार्च
आज त्याने तिच्या हातापायांकडे जाणारं रक्त कमी केलं. माझी बोटं बधिर झाली. सुई टोचून पाहिली. थेंब आला, दुखलं नाही. काकाला सांगितलं तर म्हणाला, अगं वेडाबाई, आकडे चावतात का कुणाला? तरी माझ्या समाधानासाठी जुने आकडे घातले. लगेच बोटांना मुंग्या आल्या. मी हात हलवून दाखवला.

तो हसला नाही.

२३ मार्च
मॅडमनी पुन्हा बदलायला लावलं. गोळी पास होण्याच्या बेतात आहे. जीभ जड झालीय. फोनवर आत्या म्हणाली, काय गं, झोपेत बोलतेस का? औषधवाल्याने तिला सांगितलंय की स्वस्त गोळी येतेय. आली की तीच घेणार म्हणाली. मला नको म्हणायचं होतं. तोंडातून नुसती हवा निघाली.

भीती वाटायला हवी. वाटत नाही. लिहून ठेवते.

२५ मार्च
काकाने मला जिन्यात गाठलं. जुने आकडे परत घालू शकतो म्हणाला. पण मग तिचा आलेख मर्यादेबाहेर जाणार, आणि मॅडमनी सांगून ठेवलंय — बाहेर गेली तर वगळा. बाकी सगळे पुरुष जुळतात. एक नाही जुळली तर ती चूक धरायची. इथली रीतच आहे.

वगळली म्हणजे — मी विचारू शकले नाही. तो म्हणाला, तू गप्प राहा ना, बधिर राहशील, पण राहशील तरी.

गोळी आत्याच्या घरी जाईल. ती पहाटे एकटी जिना उतरते —

२६ मार्च
कागदावर लिहून दिलं त्याला. जुने घाल.

२७ मार्च
बोटं परत आली. जीभ वळतेय. स्वतःशीच पाढे म्हणून पाहिले.

मॅडम काकाच्या खुर्चीमागे उभ्या आहेत. बाहेर गेली म्हणाल्या, वगळ तिला. तो उगाच चष्मा पुसतोय —

आत्याला फोन लावला. वाजतोय.

उचलला. मी सांगितलं, आत्या, ती गोळी — ती विचारतेय, कोण? पुन्हा सांगितलं. मोठ्याने. मला माझा आवाज ऐकू येतोय. ती विचारतेय, कोण आहे? कुणीच बोलत नाही, म्हणतेय —

ठेवू नकोस —

ठेवला.

लिहिते तरी. बाईच्या अंगातून ती गोळी उतरत नाही. मी ताळा केलाय, आत्या, दोनदा केलाय, उत्तर बरो